बांधावरील वेधशाळा

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



पाऊस किती झाला, या प्रश्नाला आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली उत्तरे आहेत. ओल वीतभर गेली, पन्हाळी वाहिल्या, ओढ्याला पाणी आले, बांध फुटले. पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहावयाचे, मृगाच्या पहिल्या सरीनंतर रानात काठी खुपसून ओल पाहावयाची आणि कुरी धरावयाची. ज्वारी-बाजरीच्या शेतीला हे माप पुरेसे होते. त्या मापाला हसण्याचे कारण नाही. ते अनुभवातून आलेले होते आणि त्याच्या आधारावर अनेक संसार उभे राहिले.

मात्र मिरज, तासगाव, कवठेमहांकाळच्या माळावर द्राक्षाचे मांडव उभे राहिले आणि प्रश्नाचे स्वरूप बदलले. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी झालेली, वेलीवर कोवळी फूट आणि नुकतेच दिसू लागलेले घड. अशा वेळी रात्री दोन वाजता पत्र्यावर सर वाजते आणि बागायतदार अंथरुणात उठून बसतो. पाऊस दोन मिलिमीटर झाला की बारा? पाने पहाटेपर्यंत ओली राहिली की वाऱ्याने तासाभरात सुकली? या दोन प्रश्नांच्या उत्तरावर सकाळी फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर काढावयाचा की नाही, हे ठरावयाचे असते. उत्तर ठाऊक नसते, म्हणून भय निर्णय घेते आणि औषध फवारले जाते.

या भयाची किंमत मोठी आहे. औषधाचा, डिझेलचा व मजुरीचा खर्च ही तिची एक बाजू. दुसरी बाजू 2003 साली साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. त्या वर्षी युरोपात पोहोचलेल्या भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे उर्वरित अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि निर्यातीला जबर धक्का बसला. त्यानंतर अपेडा या केंद्रीय संस्थेने उर्वरित अंशांच्या तपासणीची व्यवस्था उभी केली आणि पुढे 2006 मध्ये ‘ग्रेपनेट’द्वारे निर्यातीच्या बागांची नोंद सुरू झाली. उलटपक्षी, फवारणी चुकली तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. नोव्हेंबर 2009 मध्ये फयान चक्रीवादळाच्या सुमारास झालेल्या अवकाळी पावसाने आणि 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लांबलेल्या पावसाने डावणीने घडच्या घड गेले. अधिक फवारावे तर अंश राहतात, कमी फवारावे तर बाग जाते. या दोन काठांच्या मधून वाट काढण्यासाठी बागायतदाराला आपल्या स्वतःच्या बागेतील हवेचे खरे माप हवे. ते माप सामान्य शेतकऱ्याच्या ऐपतीत कसे बसेल, हाच आजच्या व्याख्यानाचा विषय होय.

माप घेण्याची परंपरा

पाऊस मोजणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी गोष्ट नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराशी एक अरत्नी, म्हणजे हातभर, तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा असे सांगितले आहे आणि कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस होतो, याची यादीही दिली आहे. त्यात अश्मक देशाचा पाऊस साडेतेरा द्रोण व अवंतीचा तेवीस द्रोण असा फरक नोंदविलेला आहे. कुंड कोठाराशी ठेवावयाचे यातील मर्म लक्षात घेण्यासारखे आहे. मापाचा संबंध धान्याशी होता, कुतूहलाशी नव्हता.

आधुनिक काळात भारतीय हवामान खात्याची स्थापना 1875 साली झाली आणि 1928 मध्ये त्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्यास आले. तेथेच 1932 मध्ये कृषी हवामानशास्त्राचे कार्य सुरू झाले व त्याची धुरा डॉ. एल. ए. रामदास यांनी वाहिली. स्वातंत्र्यानंतर त्याच पुण्यात अण्णा मणी या विदुषीने हवामानाची उपकरणे परदेशातून मागविण्याऐवजी देशातच तयार व्हावीत म्हणून सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. स्वस्त आणि स्वदेशी म्हणजे कमी दर्जाचे, ही समजूत त्यांनी आपल्या कार्याने खोडून काढली. उपकरण येथेच घडावे, पण त्याचे माप जगातील कोणत्याही उपकरणाशी जुळावे, असा त्यांचा आग्रह होता. बांधावर उभ्या राहणाऱ्या छोट्या केंद्रालाही हीच कसोटी लागू आहे.

सरकारी केंद्रे असता स्वतःचे केंद्र कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्र शासनाने 2017 पासून ‘महावेध’ प्रकल्पातून राज्यातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली. 2023 मध्ये केंद्र शासनाने ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक नेण्याची ‘विंड्स’ योजना जाहीर केली. ही पावले स्वागतार्ह आहेत. तथापि एका मंडळात अनेक गावे येतात आणि पाऊस काही मंडळाची हद्द पाहून पडत नाही. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तर डोंगर उतरून आलेल्या वाईला तो एक हजारही भरत नाही. आपल्या सांगली जिल्ह्यातही पश्चिमेकडील शिराळा भिजत असता पूर्वेकडील जत कोरडे राहते. वळवाचा पाऊस तर ओढ्याच्या अलीकडे झोडपतो आणि पलीकडे शिंतोडाही पडत नाही.

शिवाय सरकारी केंद्र मोकळ्या जागेत असते. तसे असावे असाच नियम आहे. द्राक्षाच्या मांडवाखालची हवा मात्र निराळी असते. तेथे वारा खेळत नाही, ओलावा कोंडून राहतो आणि सकाळचे ऊन उशिरा पोहोचते. डावणीच्या बुरशीला रात्रीचा अंधार, संपृक्ततेच्या जवळ गेलेली आर्द्रता आणि पानावर काही तास टिकून राहणारे पाणी लागते. भुरीला मात्र ओल्या पानाची गरज नसते. म्हणजे एकाच आठवड्यात कोणत्या रोगाकडे लक्ष द्यावे, हे मांडवाखालची हवाच सांगू शकते. मंडळाचे केंद्र प्रदेशाची हवा सांगते; बागेतील केंद्र पिकाची हवा सांगते. दोन्हींची गरज आहे.

केंद्राची घडण

अशा केंद्राची अंगे पाच: तापमान, सापेक्ष आर्द्रता, पाऊस, वारा आणि पानावरील ओलावा. यांची मापे घेऊन ती टिपून ठेवणारा मेंदू म्हणजे एक छोटे संगणकीय परिपथ-पट्ट होय. 2005 साली इटलीत ‘आर्डुइनो’ नावाचा असा पट्ट विद्यार्थ्यांसाठी तयार झाला आणि त्याचा आराखडा सर्वांना खुला ठेवण्यात आला. त्यानंतर वाय-फायसह येणाऱ्या चिपाही स्वस्त झाल्या. आज तापमान व आर्द्रता मोजणारा संवेदक काही शे रुपयांत मिळतो. अभियांत्रिकी वा तंत्रनिकेतनातील विद्यार्थी ही जुळणी करू शकतो. छोटे सौरपटल, एक बॅटरी, नोंदींसाठी मेमरी कार्ड आणि निरोप पाठविण्यासाठी मोबाईलचे सिमकार्ड, एवढ्यात यंत्र उभे राहते.

खरे कौशल्य मात्र संवेदकाच्या घरात आहे. संवेदक उन्हात उघडा ठेवला तर तो हवेचे तापमान न सांगता स्वतः किती तापला आहे तेच सांगतो आणि दुपारी कित्येक अंशांची चूक होते. एकोणिसाव्या शतकात दीपगृहे बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन या अभियंत्याने यासाठी झडपांची पांढरी लाकडी पेटी योजिली. तीच पेटी आजही वेधशाळांत दिसते. अल्प खर्चात तेच काम पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बशा उपड्या ठेवून, मध्ये अंतर राखून, एकीवर एक रचल्याने होते. हवा खेळती राहते, ऊन आणि पाऊस आत शिरत नाहीत. बशा उन्हाने पिवळ्या पडल्या व तडकल्या की बदलाव्या लागतात, एवढेच.

पावसासाठी नरसाळे आणि त्याखाली तराजूसारखे डुलणारे दोन कप्प्यांचे भांडे असते. एक कप्पा भरला की ते कलंडते, दुसरा कप्पा नरसाळ्याखाली येतो आणि प्रत्येक कलंडण्यागणिक चुंबकाच्या साह्याने एक नोंद होते. एका नोंदीचा अर्थ बहुधा 0.2 मिलिमीटर पाऊस असा ठेवतात. पानावरील ओलाव्यासाठी तांब्याच्या गुंतलेल्या रेषा असलेली एक पट्टी पानांमध्ये तिरकी बसवितात. तिच्यावर दव वा पाणी साचले की विजेचा प्रवाह बदलतो आणि पान किती तास ओले होते हे कळते. ही पट्टी नसेल तर आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर किती तास राहिली, यावरूनही अंदाज बांधता येतो. अर्थात तो अंदाजच होय.

जागा आणि पडताळा

यंत्र उत्तम असून जागा चुकली तर सारे श्रम वाया जातात. डॉ. रामदास यांनीच 1932 मध्ये पुण्यात दाखवून दिले, की निरभ्र व निवांत रात्री सर्वांत थंड हवा उघड्या जमिनीला चिकटून नसते, तर जमिनीपासून थोड्या उंचीवर असते. वीत-दोन विती उंचीच्या फरकाने तापमान बदलते, हे ध्यानी घेतले म्हणजे संवेदक हाताला येईल तेथे टांगणे किती चुकीचे आहे, हे उमजते. पर्जन्यमापक मोकळ्यावर, तोंड अगदी समपातळीत राहील असा बसवावा. जवळच्या झाडाची वा घराची जेवढी उंची, तिच्या निदान दुपटीने तो दूर असावा. तो मांडवाखाली किंवा घराच्या वळचणीला ठेवणे म्हणजे स्वतःची फसवणूक करणे होय. तापमान-आर्द्रतेचा संवेदक मात्र मांडवाखाली, घडांच्या उंचीवर असावा, कारण तेथील हवाच जाणून घ्यावयाची आहे.

पडताळ्यासाठी प्रयोगशाळेची आवश्यकता नाही, स्वयंपाकघर पुरते. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास सोळा सेंटिमीटर असेल तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे दोनशे चौरस सेंटिमीटर भरते आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे वीस मिलिलिटर पाणी. औषधाच्या मापाने दोनशे मिलिलिटर पाणी घेऊन ते थेंबाथेंबाने सोडावे. दहा मिलिमीटर, म्हणजे पन्नास नोंदी झाल्या पाहिजेत. कमी-अधिक झाल्या तर कप्प्याखालचा स्क्रू फिरवून दुरुस्ती करावी. आर्द्रतेच्या संवेदकासाठी मिठाचा पाण्यात कालवलेला घट्ट लगदा बंद डब्यात ठेवावा आणि संवेदक त्याला न लागता वर टांगावा. काही तासांनी डब्यातील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांवर स्थिरावते. यंत्र ऐंशी दाखवीत असेल तर पाचाची चूक आहे, हे कळते. तापमानासाठी बर्फ वितळत असलेले पाणी शून्य अंशाची साक्ष देते. मात्र संवेदक पिशवीत घट्ट बांधून मगच बुडवावा.

स्वस्त म्हणजे काय?

येथे मुख्य मुद्द्याकडे वळावे लागते. केंद्र विकत घेतानाची किंमत ही त्याची पूर्ण किंमत नव्हे. बसविल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात नरसाळ्यात वाळलेले पान अडकते, आणि बाहेर धो-धो पाऊस असता यंत्र शून्य दाखविते. कुंभारीण संवेदकाच्या घरात मातीचे घर बांधते. पाखरे सौरपटलावर बसतात. बोर्डो मिश्रणाच्या फवारणीने ओलाव्याच्या पट्टीवर निळसर पापुद्रा चढतो आणि कोरडे पानही तिला ओले वाटू लागते. सिमकार्डाचे पैसे भरावयाचे राहून जातात. यांपैकी एकही बिघाड मोठा नाही. पण त्याकडे पाहणारे कोणी नसेल तर महागातले महाग यंत्रही त्यामुळे निकामी होते. याहून घातक गोष्ट म्हणजे ते बंद न पडता खोटे बोलत राहते. जेथे माप नाही तेथे शेतकरी निदान स्वतःच्या डोळ्यांवर विसंबतो. जेथे खोटे माप आहे तेथे तो विश्वासाने चुकतो.

हा अनुभव केवळ आपला नाही. आफ्रिका खंडातील अनेक देशांत मोठ्या खर्चाने आणलेली केंद्रे सुट्या भागांअभावी बंद पडली, म्हणून अमेरिकेतील संशोधन संस्थांच्या साह्याने त्रिमिती मुद्रण यंत्रावर छापता येतील अशा भागांचे केंद्र तयार करण्यात आले आणि 2016 च्या सुमारास झांबियात ते उभे राहिले. त्यातील विचार साधा आहे: जो भाग मोडेल तो त्याच देशात, त्याच गावाजवळ पुन्हा घडविता आला पाहिजे. परवडणारे केंद्र म्हणजे कमी पैशांत आणलेले केंद्र नव्हे. बिघडल्यावर ज्याची दुरुस्ती गावात होते ते परवडणारे केंद्र.

म्हणून प्रत्येक बागायतदाराने वेगळे यंत्र घेण्याऐवजी एका शिवारातील आठ-दहा जणांनी मिळून एक केंद्र उभारणे श्रेयस्कर. खर्च वाटला जातो आणि देखभालीची पाळी लावता येते. त्याच्या जोडीला प्रत्येकाने आपल्या रानात साधा, हाताने मोजावयाचा पर्जन्यमापक ठेवावा. हवामान खाते दररोज सकाळी साडेआठ वाजता चोवीस तासांचा पाऊस मोजते. तीच वेळ पाळावी म्हणजे आपले आकडे खात्याच्या आकड्यांशी ताडून पाहता येतात. या कामी शाळेतील मुलांचा हातभार लागला तर ती मुले पुस्तकातला मिलिमीटर रानात पाहतील. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे चार हजार लिटर पाणी. दहा मिलिमीटरची सर म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. दुष्काळात टँकरची वाट पाहिलेल्या गावाला हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

मर्यादांची जाणीव

या केंद्राकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नयेत. ते झालेले सांगते, होणारे नव्हे. उद्याच्या अंदाजासाठी हवामान खात्याकडेच पाहावे लागेल. ते गारपीट थांबवीत नाही. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीपुढे कोणतेही यंत्र हतबलच ठरले असते. हवामानावर आधारित पीकविम्याची भरपाई नेमून दिलेल्या संदर्भ केंद्राच्या नोंदींवरून ठरते. बागेतील यंत्राचा आकडा तेथे ग्राह्य धरला जात नाही. तरीही वर्षानुवर्षे नीट ठेवलेली वही हाती असेल, तर मंडळाच्या केंद्राचा आकडा आपल्या शिवाराला लागू पडत नाही, हे गावाला पुराव्यानिशी मांडता येते. तक्रार आणि पुरावा यांत जे अंतर असते, ते ही वहीच भरून काढते.

त्याचप्रमाणे फवारणी टाळावयाची की करावयाची, हा निर्णय यंत्र देत नाही. ते प्रहर, अंश आणि मिलिमीटर सांगते. त्यांचा अर्थ लावण्यासाठी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे सल्ले आहेत, कृषी विद्यापीठे आहेत आणि बागायतदाराचा स्वतःचा अनुभव आहे. पहिली दोन वर्षे आकडा आणि अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहावे. ज्या रात्री पाने सहा तास ओली होती, त्यानंतर आठवड्याभरात पानाखाली पांढरी बुरशी दिसली का? दिसली तर लिहावे. दिसली नाही तर तेही लिहावे. न दिसल्याची नोंद करणे अधिक कठीण असते, परंतु अनावश्यक फवारणी कोणती होती हे त्याच नोंदीतून कळते.

समारोप

बंधू-भगिनींनो, येथे सांगितलेल्या सर्व वस्तू बाजारात मिळतात. बशा मिळतात, नरसाळे मिळते, संवेदक मिळतो. रोज सकाळी साडेआठ वाजता बांधावर जाऊन नरसाळ्यातील पान काढणारा, पट्टी पुसणारा आणि जे दिसले तेच वहीत लिहिणारा माणूस मात्र बाजारात मिळत नाही. तो घरातून आणि शिवारातूनच तयार व्हावा लागतो. आकडा आपल्या सोयीचा नसला तरी तो बदलावयाचा नाही आणि एखादा दिवस चुकला तर अंदाजाने भरावयाचा नाही. जागा कोरी सोडावयाची. कोरी जागा ही त्रुटी आहे, अंदाजाने भरलेला आकडा हे असत्य आहे.

पुढील ऑक्टोबरात पुन्हा छाटण्या होतील, पुन्हा एखाद्या रात्री पत्र्यावर सर वाजेल. त्या रात्री निदान एका शिवारातील आठ-दहा कुटुंबांना सकाळी फवारणी हवी की नको, हे भयापोटी नव्हे तर मापाच्या आधारे ठरविता आले, तर बांधावरील ही छोटी वेधशाळा आपल्या नावाला पात्र ठरली असे म्हणता येईल. वहीचे पहिले पान आजही कोरे आहे. त्यावर तारीख घालण्यास पावसाची वाट पाहण्याचे कारण नाही. पाऊस न झालेल्या दिवसाची नोंदही शून्य म्हणून करावयाचीच असते.